सोनटक्का म्हणून आणला, निघाला पेवा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कुरखेडा तालुक्यातला धानाचा शेतकरी. आठवडी बाजारातून सोनटक्क्याचा म्हणून एक गड्डा आणला आणि सांदवाडीत न्हाणीच्या पाण्यावर लावला. झाड माणसाएवढं झालं. आता शेंड्याला लाल बोंड आलं आहे, त्यातून रोज एखाददुसरं पांढरं फूल निघते, पण वास काहीच नाही. शेजारी म्हणतात रानहळद आहे, मेहुणी म्हणते शुगरवरचं 'इन्सुलिन'. नेमकं काय आहे? गड्डा खाल्ला तर चालेल का?

उत्तर : भाऊ, फोटो तुम्ही सगळे फुलाचेच पाठवले. एकात चुकून खोड आलं आहे, त्यावरूनच ओळख पटली. तुमच्याकडे आहे तो पेवा. त्यासाठी बाजारात जायची गरजच नव्हती; पावसाळ्यात तुमच्याच भागातल्या जंगलात, ओढ्याच्या काठाला तो आपोआप उगवतो.

आता खोडाजवळ बसून पाहा. पेव्याची पानं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी खोडाभोवती फिरत वर चढतात आणि खोडही पीळ घेतं. सोनटक्का, आलं, हळद यांची पानं समोरासमोरच्या दोनच ओळींत असतात, झाड चपटं दिसतं. दुसरी खूण वासाची. पान चुरगळा. आलं-हळदीच्या कुळातलं असेल तर बोटांना वास लागतो. पेव्याच्या पानाला तो सुगंध नाही. पान उलटं करून हात फिरवला तर मऊ लव लागेल. या फरकांमुळेच वनस्पतिशास्त्रज्ञांनी पेवा आल्याच्या कुळातून काढून वेगळ्या कुळात घातला. गोत्र दूरचं, गाव एकच.

फुलाचंही सांगते. पेव्याचं फूल एकच दिवस टिकतं. जी मोठी चुरगळलेली पांढरी पाकळी दिसते ती खरी पाकळी नाहीच. पाच वांझ पुंकेसर जुळून ती झालेली असते. सोनटक्का संध्याकाळी उमलतो आणि अंगणभर वास सोडतो. वास नाही म्हणजे सोनटक्का नाही, एवढं तर तुम्हालाही पहिल्याच दिवशी कळलं असणार!

मेहुणीबाई अगदीच चुकल्या असं मी म्हणणार नाही. 'इन्सुलिन' हा पेव्याचाच नातेवाईक, ब्राझीलकडचा. पण तो बुटका, फूल केशरी आणि पानाची खालची बाजू जांभळट. पान चावून शुगर उतरते म्हणून कोणी गोळ्या बंद केल्या असतील, तर आजच सुरू करायला सांगा.

गड्डा खाऊ नका. पेव्याच्या गड्ड्यात डायोसजेनिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून औषधं बनवतात. म्हणून तो भाजीचा कंद ठरत नाही. आणि शेजाऱ्यांना विचारा, रानहळद म्हणून ते जे खणतात त्याच्या पानाचं टोक पाहतात का? पावसाळ्यात त्याच जंगलात कळलावीही उगवते. तिच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळून आधार धरतं आणि तिचा कंद जीव घेतो. पानं सुकल्यावर नुसता कंद पाहून ओळखायच्या भानगडीत पडूच नये.

झाड मात्र ठेवा. फूल गेल्यावर लाल बोंडात काळं बी धरतं, तेही देखणं दिसतं. हिवाळ्यानंतर खोड वाळलं तर उपटू नका, मिरगाच्या पावसाला परत फुटेल. सोनटक्का हवाच असेल तर न्हाणीजवळच, पण दुपारच्या सावलीत लावा. आपला मे महिना त्याची पानं करपवतो.

प्रश्न : समुद्रपूर तालुक्यातून लिहिते. आमच्या धुऱ्यावर हळदीसारखं झाड आहे, पानाच्या मधोमध जांभळा पट्टा. एक माणूस 'काळी हळद' म्हणून मोठा भाव देतो म्हणाला. विकू का?

उत्तर : वहिनी, पट्ट्यावर जाऊ नका. तसा पट्टा कचोऱ्याच्या पानावरही असतो. गड्डा आडवा कापा. आत निळसर-काळा आणि कापरासारखा वास असेल तर काळी हळद. फिकट पिवळा निघाला तर नाही. फुलाकडेही लक्ष द्या. या रानटी मंडळींचा तुरा बहुधा पानांआधी किंवा पानांसोबत, बाजूने जमिनीतून येतो, तर आपल्या शेतातल्या हळदीचा पानांच्या मधून. धनाच्या पेटीत ठेवायला म्हणून कोणी भाव देत असेल तर पैसे आधी मोजून घ्या, मग गड्डा द्या. तुमच्या तालुक्यातल्या वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा भाव मला जास्त भरवशाचा वाटतो.

प्रश्न : कर्दळ आल्याच्या नात्यातली का? (भंडारा)

उत्तर : हो, पण चुलत. तिला वास नाही, आणि पुंकेसर अर्धाच कामाचा : एका कडेला परागकोश, दुसरी कड पाकळीसारखी. केळीही याच मोठ्या घराण्यातली.

ओळखीसाठी फोटो पाठवताना फुलासोबत पान खोडाला जिथे चिकटतं तिथला एक, आणि पूर्ण झाडाचा बाजूने काढलेला एक फोटो पाठवा.