हायर-काइंडेड टाइप नसताना इफेक्ट कसे हाताळावेत?

एफ-शार्प या भाषेत हायर-काइंडेड टाइप (यादी किंवा ऑप्शन यांसारख्या टाइपच्या साच्यालाच पॅरामीटर बनवण्याची सोय) नसताना डेटाबेस, पैसे आकारणे यांसारखे इफेक्ट (बाहेरच्या जगाशी संबंध येणारी कामे) शुद्ध, म्हणजे फक्त इनपुटवरून उत्तर काढणाऱ्या, कोडपासून वेगळे ठेवून चाचणीत ते बदलायचे कसे, असा आपला प्रश्न आहे. मोनाड, म्हणजे एका टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्याला जोडण्याची ठरावीक रचना, वापरण्यासाठी हायर-काइंडेड टाइप लागत नाहीत. ‘कोणताही मोनाड चालेल’ असे एकच फंक्शन लिहायचे असेल, तेव्हाच ते लागतात. असिंक (नंतर पूर्ण होणारे काम) आणि रिझल्ट (उत्तर किंवा चूक) हे मोनाडच आहेत आणि कॉम्प्युटेशन एक्स्प्रेशन या एफ-शार्पच्या खास मांडणीमुळे ते सुटसुटीतपणे लिहिताही येतात. तोटा इतकाच की रिझल्टच्या यादीतून यादीचा रिझल्ट बनवणारे फंक्शन ऑप्शनसाठी (असेल किंवा नसेल असे मूल्य) आणि असिंकसाठी पुन्हा लिहावे लागते. ते काही ओळींचेच असते, त्यामुळे मला त्याचा कधी जाच झालेला नाही.

लागणारी सगळी माहिती आधीच आणता येत असेल, तर निर्णय घेणारे फंक्शन शुद्ध ठेवून त्याने फक्त करायच्या कामांची यादी परत करावी. खरी अडचण येते ती एका इफेक्टच्या उत्तरावर पुढचा इफेक्ट अवलंबून असतो तेव्हा. उदाहरणार्थ, साठा पाहायचा आणि तो पुरेसा असेल तरच पैसे आकारायचे. तिथे मी सूचनांचा एक युनियन टाइप (ठरलेल्या केसेसपैकी कोणतीही एक असणारा टाइप) करतो. ‘साठा पाहा’ या केसमध्ये वस्तूचा क्रमांक आणि मिळालेल्या संख्येवरून पुढची सूचना देणारे फंक्शन असते, ‘पैसे आकारा’मध्ये रक्कम आणि तसेच एक फंक्शन, तर ‘संपले’मध्ये फक्त अंतिम उत्तर. हा फ्री मोनाडच आहे, म्हणजे इफेक्ट प्रत्यक्ष न करता ते फक्त डेटा म्हणून मांडणारा मोनाड, पण सूचनांचा संच ठरलेला असल्यामुळे त्याचे बाइंड (टप्पे जोडणारे फंक्शन) हाताने लिहिता येते. या सूचना प्रत्यक्ष पार पाडणारा भाग म्हणजे इंटरप्रिटर. खरा इंटरप्रिटर डेटाबेसला विचारतो. चाचणीतला इंटरप्रिटर साठा शून्य सांगतो आणि ‘पैसे आकारा’ ही सूचना आलीच, तर चाचणी नापास करतो.

दोन मॉड्यूलांचे असे संच एकत्र करायची वेळ आली, की मात्र हायर-काइंडेड टाइपची उणीव खरोखर बोचते. तेव्हा मी हा मार्ग सोडून फंक्शनांचे एक रेकॉर्ड आर्ग्युमेंट म्हणून देतो. ते दिसायला साधे असले तरी बहुतेक प्रकल्पांना पुरते. हायर-काइंडेड टाइपची नक्कल करण्याची युक्ती यालोप आणि व्हाइट या संशोधकांनी 2014 मध्ये ओकॅमल या भाषेसाठी मांडली होती. कॉटलिन या भाषेच्या ॲरो लायब्ररीने ती काही काळ वापरली आणि पुढे सस्पेंड फंक्शनांच्या (मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकणाऱ्या फंक्शनांच्या) बाजूने सोडून दिली. एफ-शार्पमध्ये तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे, कारण जागोजागी मूल्ये वेष्टनात घालावी आणि काढावी लागतात आणि कंपाइलरचे एरर संदेश त्या वेष्टनाबद्दलच बोलू लागतात.