आईबाबांना घेऊन माचू पिचूला जायचं आहे, उंचीचा त्रास होतो का? काय तयारी करावी?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुम्ही अमेरिकेत असता, आईबाबा गावाहून येऊन राहिले आहेत, आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपी आहे, अन् प्लॅन असा की पेरू देशाची राजधानी लिमा, तिथून विमानाने कुस्को शहर, तिथं दोन दिवस फिरायचं, मग ट्रेनने माचू पिचू अन् परत. भाऊ, प्लॅन चांगला आहे पण उलटा आहे. मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातला संत्र्याचा शेतकरी, मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी बायकोला घेऊन जाऊन आलो, भाचा अमेरिकेत नोकरीला असतो त्यानं नेलं, अन् आम्ही पण हाच उलटा प्लॅन केला होता म्हणून सांगून राहिलो.

लोकांना वाटते की माचू पिचू म्हणजे ढगातलं, म्हणजे तेच सगळ्यात उंच. तसं नाही. माचू पिचू म्हणजे पेरूतल्या जुन्या इंका लोकांच्या दगडी शहराचे अवशेष, ते आहेत 2,430 मीटरवर, अन् ज्या कुस्को शहरात विमान उतरते ते आहे जवळपास 3,400 मीटरवर. म्हणजे अवशेष खाली अन् शहर वर. आपण मोर्शी-वरूडकडचे लोक तीन-साडेतीनशे मीटरवर जन्म काढलेले, चिखलदरा म्हणजे आपलं थंड हवेचं ठिकाण ते पण 1,100 मीटरच्या आसपास. लिमा तर समुद्राच्या काठावर आहे. तिथून विमान तुम्हाला दीड तासाच्या आत 3,400 वर नेऊन ठेवते, जिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशच राहते, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. शरीराला सवय व्हायला एक-दोन दिवस तरी लागतात, ते काही विमानाच्या टाइमटेबलवर चालत नाही.

माझं काय झालं ते ऐका. कुस्कोला उतरलो, मस्त थंडगार, मला वाटलं आपण शेतात राबणारा माणूस, आपल्याला काय होते. हॉटेल चढावरच्या गल्लीत होतं, मी दोन्ही बॅगा उचलल्या अन् भाच्याला दाखवाले भराभर चढलो. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री डोकं असं ठणकाले लागलं की जसं कोणी आतून कुदळ मारून राहिलं, जेवण नको, उलटी, झोप लागली की दचकून जाग. अन् बायको, जी गुडघ्यामुळे दहा पावलं चालली की थांबत होती, ती मजेत. खुर्चीवर बसून म्हणते, "मी म्हणत होती ना हळू चाला, कोणाले दाखवून राहिले होते?" काय बोलणार. दुसरा पूर्ण दिवस पलंगावर गेला, कुस्कोतलं एकही देऊळ पाहिलं नाही.

म्हणून तुम्ही असं करा. कुस्कोच्या एअरपोर्टवरून गाडी करून सरळ खालच्या खोऱ्यात निघून जा, उरुबांबा नदीचं खोरं, त्याला तिकडे सेक्रेड व्हॅली म्हणतात. उरुबांबा किंवा ओयांताइताम्बो या गावात पहिल्या दोन रात्री काढा, ती गावं 2,800-2,900 मीटरच्या आसपास आहेत. ओयांताइताम्बोलाच मोठे इंका अवशेष आहेत त्यामुळे वेळ वाया पण जात नाही, अन् माचू पिचूची ट्रेन तिथूनच मिळते. मग माचू पिचू करा, अन् कुस्को शेवटी ठेवा, तोवर शरीर तयार झालेलं असते. पाच दिवसात हे आरामात बसते.

पहिल्या दिवशी काही म्हणजे काही करू नका. हळू चालायचं, जेवण हलकं, पाणी पीत राहायचं, दारू बंद. डायमॉक्स नावाची गोळी येते उंचीच्या त्रासासाठी, आधीपासून घ्यावी लागते, पण बाबांची बीपीची औषधं चालू आहेत अन् कोणाला सल्फाची अ‍ॅलर्जी असली तर ती धोक्याची, म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका, मेडिकलवाल्याला विचारून तर नाहीच नाही. डोकेदुखी, मळमळ हे चालते, आरामानं जाते. पण बसल्या जागी दम लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, किंवा माणूस काहीच्या काही बोलू लागला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी गाडी करून खाली उतरा अन् डॉक्टर गाठा.

बरेच जण सांगतात की आधी प्रॅक्टिस करा. आम्ही पण महिनाभर आधी मुक्तागिरीच्या पायऱ्या चढलो, एक रविवार गाविलगडावर काढला. त्यानं पाय तयार होतात, ते कामाचंच आहे, पण विरळ हवेची सवय गाविलगडावर होत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. तरणीताठी जिम करणारी पोरं पण तिथं आडवी होतात.

आता तिकिटाचं. तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागते, त्यावर नाव, पासपोर्ट नंबर, आत जायची वेळ अन् सर्किट म्हणजे कोणत्या रस्त्यानं फिरायचं ते ठरलेलं असते. गेटवर ओरिजिनल पासपोर्ट पाहतात, झेरॉक्स चालत नाही. सर्किट तीन आहेत. पहिल्यात वरच्या भागातून नजारा दिसतो पण खाली शहरात उतरता येत नाही, दुसऱ्यात वरचा तो कॅलेंडरवाला फोटो पण मिळतो अन् शहर पण, म्हणून त्याची तिकिटं सगळ्यात आधी संपतात, तिसरं खालच्या भागातून जाते, चढ कमी. आईच्या गुडघ्यांसाठी तिसरं बरं. पण सगळ्यांचं एकच सर्किट काढा, नाही तर आई एकीकडून अन् तुम्ही दुसरीकडून, कारण रस्ते वन वे आहेत, पुढे गेलं की गार्ड मागे येऊ देत नाही. आम्ही दुसरं घेतलं होतं, सुरुवातीच्या चढाला बायको चार ठिकाणी बसली, मागचे लोक बिचारे थांबले, कोणी कटकट केली नाही. पायऱ्या दगडाच्या, एक टीचभर तर दुसरी गुडघाभर, कठडा बहुतेक ठिकाणी नाहीच, उतरताना जास्त जपा. काठी न्यायची असली तर खाली रबर लावलेलीच चालते.

अन् एक गोष्ट कोणी सांगत नाही, आत संडास-बाथरूम नाही. गेटच्या बाहेर आहे, पैसे देऊन. बाहेर पडलं की परत आत घेत नाहीत. फिराले अडीच-तीन तास धरा, म्हणून आत जायच्या आधी सगळ्यांना उरकून घ्यायला लावा, बाबा बीपीची लघवी होणारी गोळी घेत असतील तर त्या दिवशी तिची वेळ कशी ठेवायची हे डॉक्टरला आधीच विचारून ठेवा.

खालच्या गावाचं नाव आग्वास कालिएंतेस, तिथपर्यंत मोटारीचा रस्ताच नाही, आईबाबांना घेऊन ट्रेननंच जावं लागते, ट्रेनमध्ये मोठ्या बॅगा घेत नाहीत. मोठं सामान ओयांताइताम्बोच्या हॉटेलात ठेवून द्या, ठेवतात. गावातून वर बस जाते, अर्धा तास, परतवाड्याहून चिखलदऱ्याला जातानाचा घाट आठवा, तसाच पण अरुंद, अन् समोरून दुसरी बस आली की आपली बस रिव्हर्स घेते. आईला खिडकीकडे बसवू नका.

सीझन तिकडचा आपल्या उलट. पावसाळा नोव्हेंबर ते मार्च, त्यात जाऊ नका, दरडी कोसळतात अन् ट्रेन बंद पडते. 2010 च्या जानेवारीत पुरामुळे हजारो टुरिस्ट अडकले होते, हेलिकॉप्टरनं काढावे लागले. मे ते सप्टेंबर कोरडं. पण लक्षात ठेवा की आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्रीत जीव जाऊन राहते तेव्हा तिथं हिवाळा लागलेला असते, रात्री कुस्कोत स्वेटरवर स्वेटर घालून झोपलो. दिवसा मात्र ऊन चटके देते, टोपी लागतेच. अन् माचू पिचूवर बारीक माश्या चावतात, फुल बाहीचं घाला.

जेवणाचं आमचं टेन्शन मोठं होतं कारण बायकोच्या गळ्यात माळ आहे. पण आलूचा तो मूळ देश, शेकडो जाती, पिवळे, जांभळे, अन् बोराएवढ्या दाण्याचा मका. किनवा नावाच्या तिकडच्या दाण्याचं सूप मिळते पण त्यात कोंबडीचं पाणी असू शकते, म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो" एवढं पाठ करा, म्हणजे मटण नको, कोंबडी नको. किटलीत खिचडी शिजवू म्हणून डाळ-तांदूळ नेऊ नका, आम्ही नेले होते. त्या उंचीवर पाणी 88-89 डिग्रीलाच उकळते, तास झाला तरी डाळ दाताखाली कचकच. चिवडा न्या. आमच्या चिवड्याचं पाकीट कुस्कोला बॅगेतून काढलं तर फुटबॉलसारखं टम्म फुगलेलं, बाहेरचा दाब कमी म्हणून, बायकोला वाटलं खराब झाला, फेकाले निघाली होती.

माझ्यासारख्यानं तिथं काय पाहिलं विचाराल तर देवळं नाही, बांध पाहिले. उतारावर एकाखाली एक दगडी पायऱ्यांची शेती. गाइडनं सांगितलं की वर माती, खाली रेती, मग बारीक दगड, सगळ्यात खाली मोठे दगड, त्यामुळे कितीही पाऊस पडला तरी पाणी तुंबत नाही, झिरपून जाते. 1450 च्या सुमारास केलेलं काम, अन् आम्ही बागेत पाणी साचून झाडं डिंक्या रोगानं घालवतो. 1911 मध्ये हायरम बिंगहॅम नावाचा अमेरिकन प्रोफेसर तिथं पोचला अन् शोध लावला म्हणून जगभर नाव झालं, पण तेव्हा दोन शेतकरी कुटुंबं तिथल्याच पायऱ्यांवर मका-आलू पिकवून राहिली होती. मी एका बांधाला हात लावून पाहत होतो तर गार्डनं शिट्टी मारली, हात लावू नका.

कागदपत्रांचं शेवटी. आईबाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा निदान सहा महिने बाकी असला तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघायच्या आधी एकदा त्यांच्या वकिलातीच्या साइटवर पाहून घ्या. पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरले तर यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट मागतात, नसलं तर अडकवून ठेवू शकतात, अन् साठीच्या वरच्यांना ती लस द्यायची की नाही हे डॉक्टर पाहून ठरवतात. आम्ही परत येऊन भाच्याकडे पंधरा दिवस राहिलो, प्रश्नच आला नाही. तुम्ही पण तसंच बसवा.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा फुकट ठेवलेला असते, तिथले लोक उंचीच्या त्रासावर तोच पितात, आम्ही पण प्यालो, गवती चहासारखा लागतो. पण त्या चहाच्या पुड्या किंवा पानं बॅगेत टाकून आणू नका, भारतात काय अन् अमेरिकेत काय, बेकायदेशीर आहे. बायकोनं शेजारणींसाठी म्हणून वीस पुड्या पदराआड बांधून ठेवल्या होत्या, भाच्यानं एअरपोर्टला निघायच्या आधी सगळ्या काढून रिसेप्शनवर परत दिल्या.