क्रिएटिनिन नॉर्मल असताना, डायबिटीसमुळे किडनी खराब होतेय हे लघवीतल्या नव्या मार्करनी आधीच कळतं का?

रक्तातलं क्रिएटिनिन ०.९ आहे, मग एनगॅल, किम-१ वगैरे लघवीतल्या नव्या मार्करच्या टेस्ट करून घेऊ का असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, आत्ता नको. आधी साधी एसीआर केलीय का ते बघा, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात तिचं नावच नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या घरी हे "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" वर्षानुवर्षं चाललं. बाबांना टाइप २. त्यांची फाइल मोठा भाऊ सांभाळतो, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, प्रत्येकावर क्रिएटिनिनच्या आकड्याला निळ्या पेनाने गोल. खाली युरिन रुटीनमध्ये 'प्रोटीन – निल'. दादाच्या लेखी विषय संपला. मी म्हणायचे एसीआर करू, तो म्हणायचा निल म्हणजे निल, तुला अजून काय शोधायचंय. अरे पण ती रुटीनमधली लघवीत बुडवायची रंगपट्टी आहे, सुरुवातीची गळती तिला दिसतच नाही. एसीआर ३० च्या वर गेलं की गळती धरतात, ३०० च्या वर म्हणजे भरपूर, आणि पट्टीचा रंग भरवशाने बदलतो तो साधारण तिकडे पोचल्यावर. क्रिएटिनिनचं तर किडनीचं निम्मं काम गेलं तरी ते रेंजमध्ये राहू शकतं, त्यात बाबा अंगाने बारीक, स्नायूच कमी म्हटल्यावर क्रिएटिनिन तयारच कमी होतं.

शेवटी केली. २१२ आलं. दादा म्हणाला, त्या आठवड्यात ताप होता म्हणून. हा मुद्दा त्याचा बरोबर होता, कारण ताप, लघवीचं इन्फेक्शन, आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम, खूप चढलेली शुगर किंवा बीपी, बायकांची पाळी, या सगळ्यात आकडा वाढलेला येऊ शकतो, म्हणूनच तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा जास्त आला तर खरा मानायचा. ताप गेल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीची परत केली, तरी १८० च्या पुढेच, त्यानंतरही तसंच. मग डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची, किडनीलाही जपणारी गोळी सुरू केली.

आणि मग जे झालं त्याचा राग मला अजून आहे. काही आठवड्यांनी क्रिएटिनिन ०.९ चं १.१ झालं. दादाने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बाबांना दाखवले, बघा, या गोळीनेच किडनी चाललीय तुमची. बाबांनी गोळी बंद केली, कुणाला न विचारता, आणि मला हे कळलं पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरांसमोर. ही गोळी किडनीच्या गाळणीतलं प्रेशर उतरवते, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं, ३० टक्क्यांपर्यंतच्या वाढीला डॉक्टर सहसा गोळी थांबवत नाहीत, लक्ष ठेवतात. मधल्या काळात बीपी परत वर आणि एसीआर ३४०. गोळी पुन्हा सुरू केली, पुढे डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी जोडली, आता आकडा शंभराच्या खाली आहे. दादाचं म्हणणं हे सगळं शुगर सुधारल्यामुळे. शुगर सुधारली हे खरंय, पण याच डॅपाग्लिफ्लोझिनच्या २०२० च्या डापा-सीकेडी ट्रायलमध्ये डायबिटीस नसलेले किडनीचे पेशंटसुद्धा होते आणि फायदा त्यांनाही झाला, मग सगळं श्रेय शुगरला कसं देणार?

आता तुमचे मार्कर. अल्ब्युमिन मुख्यतः गाळणीतून निसटतं, तर एनगॅल आणि किम-१ किडनीतल्या बारीक नळ्यांना इजा झाली की लघवीत वाढतात, त्यामुळे आधी इशारा मिळेल ही कल्पना चांगलीच आहे. पण एनगॅल साध्या लघवीच्या इन्फेक्शनमध्येही वाढतं, आणि डायबिटीसमध्ये अमुक आकड्याला काळजी करा असा सगळ्यांनी मान्य केलेला कट-ऑफ नाही. यात बरीच पुढे गेलेली टेस्ट सीकेडी२७३, लघवीतल्या २७३ पेप्टाइडवरून (प्रोटीनचे छोटे तुकडे) रिस्क सांगणारी. युरोपातल्या प्रायॉरिटी ट्रायलमध्ये, निकाल २०२० चा, टाइप २ चे पण अल्ब्युमिन नॉर्मल असलेले १७७५ लोक होते. टेस्टने हाय रिस्क ठरवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना पुढे मायक्रोअल्ब्युमिन्युरिया, म्हणजे सुरुवातीची अल्ब्युमिन गळती, झाला, बाकीच्यांपैकी ९ टक्क्यांना. म्हणजे टेस्टमध्ये दम आहे. पण त्याच हाय रिस्क लोकांपैकी काहींना स्पायरोनोलॅक्टोन हे औषध देऊन पाहिलं, आणि ती गळती रोखता आली नाही. आधी कळलं तरी वेगळं करायचं काय, तिथे गाडी अडलीय. एसीआरचं तसं नाही, ती वाढली तर द्यायला औषधं आहेत.

एक मात्र आहे, एसीआर नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, काहींची किडनी अल्ब्युमिन न गळताही उतरते, त्यामुळे ईजीएफआरही, म्हणजे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याचा अंदाज, वर्षातून एकदा हवाच. टाइप २ मध्ये निदान झाल्यापासूनच दरवर्षी दोन्ही, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर. आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळीनंतर पोटॅशियम बघावं लागतं, गरोदरपणात ती चालत नाही, जुलाब-उलट्या लागल्या तर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवतात, तेव्हा बाबांचं वाचून तुम्ही स्वतःच काही सुरू किंवा बंद करू नका. मी डॉक्टर नाही. पण घरातला फाइल सांभाळणारा माणूसही डॉक्टर नसतो, तो गोळी बंद करा म्हणाला तर ज्यांनी लिहून दिली त्यांना त्याच दिवशी फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

लॅबच्या चिठ्ठीवर नुसतं 'युरिन रुटीन' असेल तर त्यात एसीआर येत नाही, ती वेगळी लिहून घ्यावी लागते.