रुमानियन भाषेत ‘मुसाफिर’ कुठून आला?

प्रश्न असा आहे: रुमानियन ही रोमन साम्राज्याच्या डेशिया प्रांतातली लॅटिनची लेक म्हणतात. मग तिच्यात दुश्मान, मुसाफिर, हाल हे आपले शब्द कसे? भारतातून गेलेल्या रोमा (जिप्सी) लोकांनी ते नेले का?

नाही. मुळात हे शब्द आपलेही नव्हेत. दुश्मन फारसी, मुसाफिर आणि हाल अरबी. आपल्याकडे ते बहमनी काळापासून दरबारच्या फारसीतून मुरले. तिकडे आजच्या रुमानियाच्या भागातली वालाकिया आणि मोल्दाविया ही राज्ये ऑटोमन सुलतानाची मांडलिक होती, तेव्हा तेच शब्द तुर्कीतून गेले. वाटेत अर्थ सरकले. रुमानियन मुसाफिर म्हणजे पाहुणा. हा बदल तुर्कीतच झाला होता. मायदान म्हणजे वस्तीतली ओसाड मोकळी जागा, आणि तिथल्या भटक्या कुत्र्याला म्हणतात मायदानेझ. हाल मात्र आपल्यासारखेच, वाईटच! ‘हाबार नाम’ म्हणजे ‘मला खबर नाही’, अगदी बोलण्यातल्या ठसक्यासकट.

तुर्की उसनवारी ओळखायची एक खूण सांगतो: शब्दाच्या शेवटी ‘या’ आणि आघातही (उच्चारातला जोर) तिथेच. उदाहरणार्थ पेर्द्या (पडदा), काफ्या (कॉफी). पण खूण डोळे मिटून लावली की फसगत होते. स्त्या (तारा) तसाच संपतो, आणि तो अस्सल लॅटिन ‘स्तेल्ला’ आहे.

रोमा लोकांच्या भाषेतून आलेले शब्द वेगळेच, आणि ते बहुतेक बोलीत, टपोरी भाषेत सापडतात. त्या राज्यांत रोमा 1855-56 पर्यंत गुलाम होते. त्यांचे शब्द दरबारातून येणार कुठून? चोर्दी म्हणजे ढापणे. यातला ‘चोर’ खरोखर आपला, भारतातूनच गेलेला. बाफ्त म्हणजे नशीब. तो रोमानी ‘बाख्त’वरून, आणि बाख्त फारसी. आपल्या ‘कमबख्त’मधला बख्त तोच.

बाकी पाया लॅटिनच. रोमन सम्राट ट्रेजनने इ.स. 106 मध्ये डेशिया जिंकला, सम्राट ऑरेलियनच्या काळात, 271-275 च्या सुमारास, रोमनांनी तो सोडला. भाषा डॅन्यूब नदीच्या उत्तरेलाच टिकली की दक्षिणेकडून परत आली, यावर इतिहासकार अजून भांडतात. ध्वनिबदल मात्र स्वच्छ दिसतो: लॅटिन ‘क्त’चा ‘प्त’ होतो. ऑक्तो–ऑप्त (आठ), लाक्तेम–लाप्ते (दूध), नॉक्तेम–न्वाप्ते (रात्र). मला सर्वांत आवडतो बत्रिन, म्हणजे म्हातारा. मूळ शब्द ‘वेतेरानुस’, फौजेत नोकरी पुरी केलेला शिपाई.

आता नावांचा घोळ. रुमानियन लोक स्वतःला ‘रोमिन’ म्हणतात, ते लॅटिन ‘रोमानुस’वरून. रोमा लोकांचा ‘रोम’ मात्र ‘डोम्ब’वरून, म्हणजे आपल्या डोंबारीचा भाऊबंद, रोम शहराशी त्याचा संबंध नाही. म्हणून मराठीत लिहिताना देशाच्या भाषेला रुमानियन आणि रोमांच्या भाषेला रोमानी म्हणावे. ‘रोमानियन’ लिहिले की वाचणारा हमखास गोंधळतो.