सिॲटलहून व्हँकुव्हरला आई-वडिलांना घेऊन जायचंय. सीमेवर कमी थांबावं लागेल आणि वाटही बघण्यासारखी असेल, असा रस्ता कोणता?

सूमासच्या सीमाचौकीवरून जा. माझं उत्तर एवढंच आहे, आणि ते ऐकलं की माझा दादा आजही फोनवर चिडतो. तुम्ही आई-वडिलांचा उल्लेख केलात म्हणून लिहायला बसले. एकट्याने जाणार असतात तर कुठूनही गेलात तरी चाललं असतं.

दादा व्हँकुव्हरला लागून बर्नबीत राहतो, मी सिॲटलच्या जवळ. आई-बाबा पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा लेबर डेच्या आधीच्या शुक्रवारी मी त्यांना घेऊन दादाकडे निघाले. दादाने बजावलं होतं, "आय-फाइव्ह महामार्गाने सरळ ये, पीस आर्चला सीमा ओलांड, कुठेही वळू नकोस." बेलिंगहॅमच्या अलीकडे बोर्डावर पीस आर्चला ४५ मिनिटं थांबावं लागेल असं दाखवत होते. लागले दोन तास दहा मिनिटं. बोर्ड खोटा नव्हता. तो त्या क्षणीची रांग सांगतो, आणि तिथून ब्लेन, म्हणजे पीस आर्चच्या अलीकडचं गाव, तीस किलोमीटरहून जास्त लांब आहे. तोच बोर्ड वाचून तुमच्या पुढे निघालेल्या सगळ्या गाड्या तुमच्या आधी रांगेत पोचलेल्या असतात. सुट्टीच्या शुक्रवारी त्या आकड्यावर कधीही विसंबू नका.

बाबा तेव्हा ७४ वर्षांचे होते. प्रोस्टेटचा त्रास, तासा-दीड तासाने जावं लागतं. पीस आर्चच्या उद्यानात स्वच्छतागृह आहे, पण आमची गाडी त्याच्या खूपच मागे, दोन्ही बाजूंना गाड्या, बाहेर पडायला वाट नाही. बाबा एक शब्द बोलले नाहीत. शेवटी आईनेच मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दुपारी पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. दादाकडे पोचल्यावर बाबा कुणाशी न बोलता थेट न्हाणीघरात गेले आणि रात्री जेवायलाही बाहेर आले नाहीत. दादा म्हणाला, "लाँग वीकेंडला होतंच असं." ते वाक्य मी विसरलेले नाही.

दोन वर्षांनी ते पुन्हा आले तेव्हा मी रस्ता स्वतः ठरवला. जूनमधला मंगळवार निवडला. सकाळी आठला निघालो, बर्लिंग्टनच्या पुढे २३१ नंबरच्या एक्झिटला आय-फाइव्ह सोडला आणि चकनट ड्राइव्ह धरला. आधी स्कॅजिटची सपाट शेतं येतात, मग रस्ता एकदम डोंगराच्या कडेला चिकटतो. उजवीकडे कातळ आणि झाडी, डावीकडे खाली सॅमिश बे आणि त्यापलीकडे सॅन वॉन बेटं. सगळा मिळून ३४ किलोमीटरचा तुकडा आहे. उत्तरेकडे जाताना पाणी डाव्या हाताला असतं, म्हणून बाबांना मी माझ्या मागच्या सीटवर बसवलं होतं. पुढे बसले असते तर त्यांना नुसता कातळ दिसला असता. लॅराबी स्टेट पार्कमध्ये थांबलो. वॉशिंग्टन राज्यातलं हे पहिलं स्टेट पार्क, १९१५ सालचं. तिथे स्वच्छतागृह आहे, बाकं आहेत, झाडांतून पाण्यापर्यंत जायला वाट आहे. बाबा सावकाश खाली उतरले आणि सावकाश वर आले. कुणालाच घाई नव्हती.

फेअरहेवनहून बेलिंगहॅममध्ये आलो आणि २५६ नंबरला गाइड मेरिडियनवर वळलो. निर्णय इथेच घ्यायचा असतो. हे वळण मागे टाकलं की तुमच्या हाती मुख्यतः २७५ नंबरची, पॅसिफिक हायवेच्या चौकीची संधी उरते, आणि ट्रकही तिथूनच जातात. गाइड मेरिडियन सरळ उत्तरेला लिंडनकडे जातो. नूकसॅक नदी लागते, मग रास्पबेरीच्या रांगाच रांगा. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला माउंट बेकर दिसतो. ३,२८६ मीटर उंच, जूनमध्येही पांढरा. लिंडनच्या पुढे बॅजर रोडने सूमासकडे वळायचं.

ज्यासाठी मी हा रस्ता निवडला ती जागा याच पट्ट्यात आहे. बाबा आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. हद्दीच्या खुणा शोधण्यात आणि दोन भावांच्या मधला बांध मोजून देण्यात त्यांची नोकरी गेली. लिंडन आणि सूमासच्या मध्ये बाउंड्री रोड नावाचा साधा गावरस्ता आहे. त्याला लागून एक गवताळ चर, आणि चराच्या पलीकडे लगेच दुसरा रस्ता, झीरो ॲव्हेन्यू. हा रस्ता अमेरिकेत, तो कॅनडात. मध्ये भिंत नाही, तारा नाहीत. मी गाडी कडेला घेतली. बाबा उतरले, काठी टेकून बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दगड कुठाय?"

थोडं पुढे तो सापडला. गवतात उभा, सीमा आयोगाचा स्तंभ. मी आधी वाचून ठेवलं होतं ते त्यांना सांगितलं. १८४६ च्या तहात ४९ वा अक्षांश ठरला. इकडची प्रत्यक्ष मोजणी १८५७ ते १८६२ मध्ये झाली, तीही जंगल तोडत आणि ताऱ्यांचे वेध घेत. त्या काळच्या साधनांमुळे रेषा ठिकठिकाणी खऱ्या अक्षांशापासून सरकली आहे. तरी आज कायद्याने हद्द कुठली? तर जमिनीवरचे स्तंभ जोडणारी. बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे निशाणी श्रेष्ठ," ते म्हणाले, "आमच्याकडेही नकाशा आणि दगड जुळले नाहीत की भांडण व्हायचं. इथे यांनी दगडाचं ऐकलं." मग आईला उभी करून त्यांनी समजावलं की अशी लांब सरळ रेषा डोळ्याने कशी धरतात. आईने हे चाळीस वर्षांत हजारदा ऐकलं असेल. तरी तिने नीट ऐकून घेतलं.

चर ओलांडू नका. एक पाऊलही नाही. कॅमेरे असतात, गस्त असते, आणि चुकून पलीकडे गेलेल्यांनाही ताब्यात घेतलेलं आहे. अलीकडूनच बघा.

सूमासच्या चौकीवर आम्हाला बारा मिनिटं लागली. पलीकडे ॲबट्सफर्ड. तिथे साउथ फ्रेझर वेवर टेकडीवरचा लाकडी गुरुद्वारा आहे, १९११ सालचा. उत्तर अमेरिकेत टिकून असलेला हा सर्वांत जुना. पंजाबातून आलेल्या लाकूड गिरणीतल्या मजुरांनी त्याच्या फळ्या गिरणीपासून पाठीवर वाहून आणल्या होत्या. कॅनडाने २००२ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली. बाबा आत बराच वेळ बसले. मग हायवे वन धरला आणि साडेतीनला दादाच्या दारात पोचलो.

"साडेसात तास!" दादा म्हणाला. "बाबांना या वयात उगाच वणवण करायला लावलीस." आमचं भांडण अजून तिथेच आहे. तो घर ते घर तास मोजतो. मी म्हणते, सलग किती वेळ गाडीत बसून राहावं लागलं ते मोज. त्या दिवशी बाबा एकदाही दीड तासाहून जास्त बसले नाहीत, प्रत्येक टप्प्यावर स्वच्छतागृह होतं, आणि रात्री जेवताना त्यांनी त्या स्तंभाची गोष्ट दादाच्या मुलांना दोनदा सांगितली. पहिल्या प्रवासाला साडेपाच तास लागले होते. तो बाबांच्या तोंडून कधीही निघालेला नाही.

तुमचा मूळ प्रश्न कमी थांबण्याचा होता, म्हणून राहिलेलं सांगून टाकते. सूमासही भरतं, विशेषतः शनिवारी दुपारी. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी निघणं हा कुठल्याही रस्त्यापेक्षा मोठा उपाय आहे. लिंडनहून सरळ वर ऑल्डरग्रोव्हची चौकी आहे, तीही चांगली, पण ती रात्रभर उघडी नसते, वेळ बघूनच जा. सूमास चोवीस तास चालू असतं. नेक्ससची, म्हणजे आधीच तपासणी करून कार्ड घेतलेल्यांची वेगळी मार्गिका गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड असेल तरच वापरता येते, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना ते कार्ड मिळत नाही. तेव्हा तुमच्या एकट्याच्या कार्डाचा या प्रवासात उपयोग नाही. आई-वडिलांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो हे तुम्हाला माहीत असेलच.

चकनट ड्राइव्ह अरुंद आहे, वळणावळणाचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांना तो सोसणार नाही. पावसाळी दिवसांत तिथे दरड येऊन रस्ता बंदही होतो. सूमासचा भाग सखल आहे, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे आणि ॲबट्सफर्डला मोठा पूर आला होता. म्हणून हे सगळं मे ते सप्टेंबरसाठी धरा. हिवाळ्यात मुकाट्याने आय-फाइव्हने जा, एवढं दादाचं मी मान्य करते.

पीस आर्चची कमान मात्र बघाच. १९२१ ची आहे, आणि हे दरवाजे कधी बंद न होवोत असं तिच्यावर कोरलेलं आहे. परतताना ब्लेनला उतरून उद्यानात पायी जा. आणि त्या दिवशी चकनट पुन्हा घेणार असाल तर वडिलांना पुढच्या सीटवर बसवा. दक्षिणेकडे येताना पाणी उजव्या हाताला असतं.