उत्तर: ब्लाइंडमध्ये तिन्ही डीएनएफ आले, पण दोष कागदाचा नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली. मुलगा सातवीत. मेमरी क्लासच्या कार्यक्रमात डोळ्यांवर पट्टी बांधून दोन मिनिटांच्या आत रुबिक क्यूब सोडवतो. पुण्यातल्या पहिल्याच अधिकृत स्पर्धेत मात्र तिन्ही प्रयत्न डीएनएफ, म्हणजे बाद. तिसऱ्या वेळी तर नुसता क्यूब हातात धरून बसला. क्लासचं म्हणणं असं की जजने तोंडासमोर कागद धरल्यामुळे त्याची एकाग्रता मोडली. आता ‘ॲडव्हान्स लेव्हल’ची फी भरा म्हणजे कागदाचाही त्रास होणार नाही! हे वाचलं आणि आमचंच जुनं प्रकरण कोणीतरी लिहून काढल्यासारखं वाटलं. आमच्याकडे मुलगी होती आणि शहर नाशिक, एवढाच फरक.

मी प्रशिक्षक नाही, डेलिगेट (स्पर्धेवर देखरेख करणारा असोसिएशनचा प्रतिनिधी) नाही. मुलीबरोबर स्पर्धांना जाता जाता स्वयंसेवक म्हणून जजच्या खुर्चीत बसायला लागलेला एक बाप आहे. नियमांत अधूनमधून बदल होतात, त्यामुळे माझ्या शब्दावर न जाता वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या साइटवर नियमावलीतलं ‘बी’ कलम स्वतः वाचा. फार मोठं नाही. नोंदणी कशी करायची, क्यूब कोणता घ्यायचा, यात मी शिरत नाही, एक स्पर्धा तुम्ही केलीच आहे.

आधी कागद. तो तुमच्या मुलावर संशय घेऊन धरला नव्हता. स्पर्धकाने पट्टी डोळ्यांवर ओढली की चेहरा आणि क्यूब यांच्यामध्ये आड काहीतरी धरणं हे जजचं कामच आहे, मग समोर पहिल्यांदा आलेला मुलगा असो की विक्रमवीर. टॉमी चेरीसारखे लोक लक्षात ठेवण्याचा वेळ धरून पंधरा सेकंदांच्या आत क्यूब सोडवतात, तेही याच नियमाखाली. कारण साधं आहे. कुठलीही पट्टी नाकाच्या दोन्ही बाजूंनी थोडी उचललेली राहते आणि त्या फटीतून खाली हातातलं स्वच्छ दिसतं. त्यामुळे डेलिगेटकडे तक्रार करायच्या भानगडीत पडू नका.

आता एक विचारतो, राग मानू नका. क्लासच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ असेल तर लावा आणि पट्टी बांधल्यानंतर क्यूबवर पहिल्यांदा काय तयार होतं ते बघा. पांढरा क्रॉस होतोय? मग पहिला थर, मग दुसरा? मान किंचित मागे, हनुवटी वर आहे? असेल तर तो मुलगा बघतोय.

हे मी इतक्या खात्रीने म्हणतो, कारण थराथराने सोडवायची नेहमीची पद्धत पट्टी बांधून करता येत नाही. तिच्यात प्रत्येक पायरीनंतर कुठला तुकडा कुठे गेला हे बघूनच पुढची चाल ठरते. खऱ्या ब्लाइंडमध्ये टायमर सुरू केल्यावर क्यूबवरचं झाकण काढायचं, एकही चाल न करता सगळं पाठ करायचं, मग पट्टी आणि मग हात. शिकणारी मुलं बहुतेक स्टेफान पोखमानच्या जुन्या पद्धतीने सुरुवात करतात. १२ कडा आणि ८ कोपरे यांतली एक-एक जागा ‘बफर’ म्हणून ठरवायची. बफरमधला तुकडा त्याच्या घरी पाठवायचा, तिथे जो बसला होता तो बफरमध्ये येतो, मग त्याला त्याच्या घरी पाठवायचं. खो-खोसारखं, ज्याला खो मिळाला तो उठला. प्रत्येक वेळी फक्त ठरलेले तुकडे हलतात, बाकीचा क्यूब जसाच्या तसा. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला क्यूब शेवटच्या काही चालींपर्यंत विस्कटलेलाच दिसतो आणि मग एकदम जुळतो. क्रॉस, थर असं काही मध्ये दिसतच नाही. जजच्या खुर्चीत बसलं की हा फरक लांबूनही कळतो.

आमच्या क्लासने (नाव घेत नाही, आता तो त्या जागी नाही, पाटी बदलून दुसरीकडे आहे) हे कधीच शिकवलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, मुलांचा ‘मधला मेंदू जागृत’ केला की पट्टी बांधूनही रंग ‘जाणवतात’. मध्यमेंदू सगळ्यांचा जन्मापासून चालूच असतो. डोळ्यांची हालचाल, आवाजाच्या दिशेला मान वळणं, असली कामं तोच बघतो. तो झोपलेला असता तर पोरगं क्लासपर्यंत चालत गेलं नसतं. अंनिसचे कार्यकर्ते असल्या दाव्यांना जाहीर आव्हान देत आलेत. पण पट्टी बांधलेली आपली पोर शंभर लोकांसमोर क्यूब जुळवते आणि टाळ्या पडतात, तेव्हा हे सगळं कुणाला आठवतं?

फीचं मला विशेष वाटत नाही, तसे पैसे आपण कुठेकुठे घालतोच. मला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. स्पर्धेहून परत येताना एसटीत मुलगी म्हणाली, “बाबा, मला खालून दिसतं. सगळ्यांनाच दिसतं. पण सर म्हणतात, घरी सांगितलं की शक्ती जाते.” दहा वर्षांच्या मुलीला हे सांगितलं होतं. आईबापांपासून लपवायला शिकवायचं आणि वर त्याला संस्कार म्हणायचं. मी भेटायला गेलो तर ऑफिसातल्या बाईंनी सर बाहेर आहेत म्हणून बसवून ठेवलं आणि शेवटी हातात एक प्रमाणपत्र दिलं, त्यावर मुलीच्या नावापुढे कसला तरी ‘विक्रम’. अधिकृत निकालात तिच्या नावापुढे डीएनएफ आणि इकडे विक्रम! असोसिएशनच्या साइटवर जे नाही ते क्यूबिंगच्या हिशेबात नाही, एवढं लक्षात ठेवा, बाकी फ्रेम कितीही सोनेरी असो.

बरं. तुमचा मुलगा तसाच करतो असं मी म्हणत नाही, व्हिडिओ मी पाहिलेला नाही. पण तिसऱ्या प्रयत्नात नुसता क्यूब धरून बसला, हे वाचून मला चर्र झालं. पाठ केलेलं विसरलेला मुलगाही काहीतरी फिरवून बघतो. ज्याला अचानक दिसेनासं होतं, तो थांबतो.

विचारायचं कसं, हे महत्त्वाचं. पाहुण्यांसमोर वर्तमानपत्र आडवं धरून परीक्षा घेऊ नका. एकटा असताना सहज विचारा, “तुझा बफर कुठला रे?” शिकलेला मुलगा ताबडतोब सांगेल आणि वर तुम्हाला अर्धा तास ऐकवेल. गोंधळला तर विषय तिथेच सोडा आणि दुसऱ्या दिवशी म्हणा, आपण दोघं मिळून खरी पद्धत शिकू या. लबाडी केलीस वगैरे अजिबात नको. लबाडी त्याची नाही. आमच्याकडे मीही शिकायला बसलो, आणि ती माझ्यापेक्षा किती पटकन शिकते हे तिला रोज दिसत होतं. तिचा धीर परत आला तो त्यामुळे, असं माझं मत. बायकोचं मत वेगळं आहे.

आता जे खरंच पाठ करतात आणि तरी डीएनएफ खातात, त्यांच्यासाठी. पुढे तुम्हालाही लागेल.

बाद झालेला क्यूब लगेच जुळवून टाकू नका. निकालाच्या कागदावर सही झाली की क्यूब बघा, काय चुकलं ते त्यावरच लिहिलेलं असतं. दोन कडा जागेवर पण उलट्या असतील, तर तुकडा बरोबर ओळखला होता, बाजू चुकली. किंवा जागच्या जागी उलटी बसलेली कड पाठ करताना नजरेतून सुटली. तीन कडा किंवा तीन कोपरे आपसांत फिरलेले असतील, तर पाठ करताना (प्रत्येक बाजूला एक अक्षर देऊन ओळ पाठ करतात) एक अक्षर चुकलं किंवा दोन अक्षरांची अदलाबदल झाली. दोन कडा आणि दोन कोपरे अदलाबदल झालेले दिसले तर पॅरिटी, म्हणजे ही उरलेली अदलाबदल सरळ करणारी जादा चाल, करायची राहिली. अक्षरांची संख्या विषम आली की ती करावीच लागते, आणि कडांची विषम असेल तर कोपऱ्यांचीही विषमच असते. हे पडताळून बघण्याची सवय लावली की अर्ध्या चुका पाठ करतानाच पकडल्या जातात. आणि सगळाच विचका असेल तर तुकडा सोयीच्या जागी आणायला आधी केलेली तयारीची चाल उलटी फिरवून परत आणायला विसरला किंवा हात घसरला. सराव कशाचा करायचा ते यावरून ठरतं. “अजून एकाग्र हो” म्हणून काही होत नाही.

अक्षरांबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. कडांच्या २४ बाजू, कोपऱ्यांच्या २४. जगभर त्यांना इंग्रजी ए ते एक्स देतात. आम्ही मराठी दिली. ङ, ञ, ण आणि य सोडले तर क पासून ल पर्यंत बरोबर २४ भरतात. फायदा हा की दोन अक्षरं शेजारी ठेवली की बऱ्याचदा आपोआप शब्दच होतो. नख, रथ, ढग, नथ, छत. स्वर घुसडावा लागत नाही. मग घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर एकेक चित्र ठेवत जायचं: फाटकावर रथ, दुकानाच्या छपरावर ढग. पूर्ण क्यूबला साधारण दहा चित्रं पुरतात. तोटा असा की घाईत मनातल्या मनात म्हणताना त आणि थ, ड आणि ढ यांची गल्लत होते. मुलगी पुढे दोन-दोन तुकडे एकदम सोडवायच्या थ्री-स्टाइलकडे गेली, तेव्हा ऑनलाइन याद्या सगळ्या इंग्रजी अक्षरांत, म्हणून तिने सगळं बदललं आणि काही महिने वैतागली. तुमचा मुलगा लांब जाणार असं वाटत असेल तर इंग्रजीनेच सुरुवात करा. मला तरी मराठीच आवडते.

स्पर्धेत आणखी एक गोष्ट अडते. घरी बहुतेक मुलं पांढरा वर, हिरवा समोर धरून साधा स्क्रॅम्बल करतात, म्हणजे ठरलेल्या चालींनी क्यूब विस्कटतात. ब्लाइंडच्या अधिकृत स्क्रॅम्बलमध्ये शेवटी दोन थरांच्या चाली असू शकतात, त्यामुळे क्यूब कुठल्याही रंगाचं मध्य वर घेऊन समोर येतो. आख्खा क्यूब आपल्याला हवा तसा फिरवून घ्यायला परवानगी आहे, पण हे माहीत नसलेलं मूल तिथेच बावरतं. सीएसटायमर या सरावाच्या साइटवर ब्लाइंडचा वेगळा स्क्रॅम्बल निवडता येतो, तोच वापरा. आणि सरावाच्या वेळी तुम्ही समोर बसून कागद धरा. सुरुवातीला तो हाताला लागतो, आवाज होतो, चिडचिड होते. महिनाभरात कळतही नाही.

आवाजासाठी कानावरचे साधे मफ चालतात, बॅटरीवर चालणारे हेडफोन नाही. पट्टी घेताना महागडी नको, नाकावर न टोचणारी आणि एका हाताने पटकन ओढता येईल अशी घ्या. पाठ करण्याचा वेळही मोजला जातो, आणि मुलं पट्टीचा इलॅस्टिक केसात अडकवून बसतात. टायमर थांबवल्याशिवाय पट्टी वर करायची नाही, हे मात्र शंभरदा सांगा. सोडवलेला क्यूब हातात असताना उत्साहाने पट्टी काढून डीएनएफ घेतलेली मुलं मी स्वतः जज म्हणून पाहिली आहेत आणि तो कागद भरताना माझाच हात जड होतो.

प्रयत्नांतला सगळ्यात चांगला एक धरतात, म्हणून पहिला प्रयत्न सावकाश, कितीही वेळ लागला तरी. सहसा मर्यादा दहा मिनिटांची असते, पण काही ठिकाणी सगळ्या प्रयत्नांना मिळून एकच वेळ ठरवलेला असतो, ते स्पर्धेच्या पानावर आधी बघा. मल्टी-ब्लाइंडमध्येही (अनेक क्यूब एकदम पाठ करून पट्टी बांधून सोडवायचे) त्याचं नाव घाला असं क्लासने सुचवलंय म्हणता. तिथे क्यूबमागे दहा मिनिटं, जास्तीत जास्त एक तास, आणि न सुटलेल्यांचे गुण वजा. ग्रॅहम सिगिन्सने २०२२ मध्ये त्या तासात ६५ पैकी ६२ सोडवले होते. बघायला जरूर जा, नाव इतक्यात घालू नका. एक क्यूब दहातल्या सातवेळा सुटायला लागला की मग बघू.

राहिली फी. नव्या लेव्हलची अर्थातच भरू नका. जुनी परत मागायची असेल तर आमच्या पावतीच्या तळाशी “एकदा भरलेली फी परत मिळणार नाही” असं बारीक अक्षरात होतं आणि त्यावर बोट ठेवून आम्हाला वाटेला लावलं गेलं. मी तेव्हा गप्प बसलो. तुम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर निदान विचारून बघा. मी वकील नाही, किती उपयोग होईल सांगता येणार नाही. पण त्यासाठी पावती आणि ‘पट्टी बांधून दिसेल’ असं छापलेलं त्यांचं पत्रक हातात हवं. पावती नसेल तर आत्ताच व्हॉट्सॲपवर मागून घ्या, आणि मागताना बाकीचं काही लिहू नका.