जुन्या पुलांच्या देखभालीचं बजेट आखताना सर्वांत खराब पूल आधी घ्यावा का?

नाही. सर्वांत खराब पूल आधी घेतलात की तो एकटाच सगळी तरतूद खातो, आणि तोवर आज बरे असलेले पूल खराबांच्या यादीत येऊन बसतात. पुलांच्या तपासणीत माझी सगळी नोकरीची वर्षं गेली, आणि साहेबांशी भांडणही यावरूनच झालं.

एका पुलाचे स्पाउट, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडणारे नळ, मातीने तुंबले होते. पावसाचं पाणी एक्स्पान्शन जॉइंटमधून, म्हणजे पुलाच्या भागांमध्ये ठेवलेल्या फटीतून, थेट गर्डरच्या (पूल पेलणाऱ्या तुळयांच्या) टोकांवर आणि त्या ज्यांवर टेकतात त्या बेअरिंगवर उतरत होतं. मी अहवालात लिहिलं, स्पाउट मोकळे करा. चार माणसांचं दोन दिवसांचं काम. साहेबांचा शेरा: 'पूल सुस्थितीत, तूर्त आवश्यकता नाही.' पुढच्या वर्षी तेच वाक्य, तोच शेरा. पाचव्या वर्षी गर्डरच्या टोकाचं काँक्रीट सुटून सळ्या दिसायला लागल्या. मग जॅक लावून पूल उचला, बेअरिंग बदला, वाहतूक वळवा! त्याला मात्र पैसे निघाले, उद्घाटनही झालं. स्पाउट साफ केल्याची फीत कोण कापणार?

वर बैठकीत साहेबांनी ऐकवलं, 'तपासणीत हे आलंच नाही.' पाचही अहवालांच्या प्रती माझ्या कपाटात आहेत.

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल पडला, तेव्हा त्या पुन्हा काढल्या. तिथेही निचरा तुंबलेला, पोलादी पाय गंजून पोखरलेले, आणि दुरुस्तीच्या त्याच त्या शिफारशी वर्षानुवर्षं कागदावरच.

तर बजेट: साफसफाई, जॉइंट, रंग यांचं लेखाशीर्ष वेगळं ठेवा आणि त्यातला पैसा मोठ्या कामाकडे वळवायला बंदी घाला. प्राधान्य लावताना पूल बंद पडला तर वळसा किती पडेल, हेही धरा. आणि प्रत्येक शिफारशीपुढे 'केलं' किंवा 'का नाही केलं', खाली नावासकट सही. 'तूर्त आवश्यकता नाही' लिहिणाऱ्याचं नाव पाच वर्षांनी सापडलं पाहिजे.

हां, धोकादायक पूल थांबू शकत नाही, ते खरंच. पण तिथेही आधी जड वाहनं बंद करा, गरज पडली तर पूलच बंद करा. दुरुस्तीचा निधी येईपर्यंत वाट कसली बघता?

परवा त्याच पुलावरून गेलो. बेअरिंग नवी आहेत. स्पाउट तुंबलेत.